खंडोबाच्या ताटातलं पाकीट

मंडळी, ऐका! टाळकऱ्यांनो, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात आवरा — भजन झालं, आता गोष्ट आहे. विणेकरी माउली, तुम्ही मात्र उभेच राहा. तुमची सुटका नाही!

एक प्रश्न विचारतो. अगदी सोपा. लेकराला उपाशी ठेवणारा बाप — तो कोण?

वैरी! बघा, सगळे एका सुरात बोललात. मंडप हलला! आता दुसरा. लेकरू मागेल ते, मागेल तेव्हा, मागेल तेवढं त्याच्या हातावर ठेवणारा बाप — तो कोण?

...काय हो? आवाज कुठं गेला? पुढचे लोक टोप्या नीट करायला लागले! बायकांच्या बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं — मायाळू. मायाळू? बरं. मग अशाच एका मायाळू माणसाची गोष्ट सांगतो, आणि शेवटी परत विचारतो. तेव्हा बोला.

करंजदरा नावाचं गाव. डोंगराच्या पोटात. गावाच्या वर खंडोबाचं देऊळ आणि देवळाशेजारीच जिल्हा परिषदेची शाळा. देऊळ आणि शाळा यांच्या मधोमध एक दुकान. दुकान कुणाचं? बायजाक्काचं. बायजाक्का म्हणजे खंडोबाचे पुजारी मार्तंडबुवा गुरव, त्यांची कारभारीण. बाई मोठी हुशार! दुकानाला खिडक्या दोन. एक खिडकी देवळाकडं — तिथं नारळ, भंडारा, ताजी फुलं, सकाळी केलेला पेढा. कालचं फूल आज विकणार नाही! म्हणायची, 'देवाचं काम हाय, पाप लागंल.' आणि दुसरी खिडकी शाळेकडं. तिथं काय? माळाच माळा लटकलेल्या! लाल पाकीट, पिवळं पाकीट, हिरवं पाकीट. मसालेवालं, टोमॅटोवालं. कुरकुर वाजणारं, जिभेवर रंग ठेवणारं. शाळेची घंटा झाली की त्या खिडकीला पोरं अशी चिकटायची, की बायजाक्काला उजेड दिसायचा नाही!

आता आपला मायाळू माणूस. बापूराव. गावातलं मोठं घर, मिशा पिळदार, आवाज असा की बैल दचकावा. पण सगळा रुबाब घराच्या उंबऱ्यापर्यंत! आत एक नात होती. राजी. चौथीत. मुलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. बापूरावांनी खंडोबाला नवस केला, अनवाणी पायऱ्या चढले, भंडारा उधळला — तेव्हा ही राजी झाली. मग हो! नवसाची नात! ती म्हणेल ती पूर्व. राजी म्हणाली, 'आजोबा, भाकरी नको.' नको! 'भाजी नको.' नको! 'पाकीट पाहिजे.' हे घे. एक कशाला, दोन घे!

हसताय? हसा, हसा. मागच्या रांगेतल्या त्या आजोबांचं हसू मात्र एकदम थांबलं. घरी नातू दिसतोय!

तर काय झालं, शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. ढगेबाई. अंगानं बारीक, चष्मा जाड, बोलणं कमी. आल्या त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी काय पाहिलं? शाळेत दुपारी खिचडी शिजते. पोरं ताटात घेतात, दोन घास चिवडतात आणि उरलेली भिंतीपलीकडं फेकतात. का? तर पोट आधीच पाकिटानं भरलेलं! आणि भिंतीपलीकडं कोण? बायजाक्काची शेळी. ती शेळी — काय सांगू मंडळी — ती चालताना दमायची, इतकी पोसलेली! शाळेची पोरं काटक्या आणि शेळी पैलवान!

बाई वहीत लिहीत राहिल्या. अमका सारखा पोट धरतो. अमकीचे दात किडलेत. तमका दुपारी बाकावर झोपतो. आणि मग एक दिवस सकाळी, परिपाठाला, पोरं रांगेत उभी. प्रतिज्ञा चालू. 'भारत माझा देश आहे' — आणि धप्प! राजी खाली. डोळे पांढरे.

उचललं, तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, 'रक्त आठवर आलंय हो हिचं. पोरीला जेवायला देत नाही का?' बापूरावांना? जेवायला देत नाही का, हे बापूरावांना विचारलं! मिशा थरथरल्या. म्हणाले, 'डॉक्टर, गावात माझ्या नातीइतकं कुणी खात नसंल!' डॉक्टर म्हणाले, 'ती काय खाते ते मला सांगा.' बापूरावांचा हात खिशावर गेला. कारण खिशात काय होतं? पाकीट! पोरगी दवाखान्यात घाबरू नये म्हणून वाटेत घेतलेलं! डॉक्टरांनी बजावलं — गोळ्या देतो, पण गोळ्यांनी भागणार नाही. ताटातलं पोटात गेलं पाहिजे. दोन-तीन महिन्यांत रक्त चढलं नाही, तर पोरीला भरती करून बाहेरचं रक्त द्यावं लागेल.

झालं. ढगेबाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं — शाळेत पाकीट बंद.

अहो, काय गोंधळ! पोरं काय कमी असतात? कंपासपेटीत पाकीट, मोज्यात पाकीट, एकानं तर भूगोलाच्या पुस्तकात चपटं करून आणलं — सह्याद्रीच्या पानात! बाईंनी दप्तरं तपासली, तर पोरं शाळेच्या कंपाउंडवर चढून बसायला लागली. एक तंगडी शाळेत, एक बाहेर, आणि तोंड बाहेरच्या बाजूला! वर बाईंनाच विचारतात, 'बाई, तोंड तर शाळेत नाही ना?' वकील होणार पोरं!

आणि बापूराव? त्यांना वाटलं, ही बाई मला शिकवते! आपली नात आजारी आहे याचं दुःख होतंच, पण गावासमोर कुणीतरी आपल्या मायेत खोट काढली, याचा राग त्याहून मोठा. माणसाचं असंच असतं मंडळी. दुखणं परवडतं, पण चूक दाखवलेली परवडत नाही! बापूराव शाळेत जाऊन गरजले, 'माझी नात, माझं पाकीट! तुम्ही कोण बंद करणार?'

बाई म्हणाल्या, 'बापूराव, रोज सकाळी रांगेत ती माझ्यासमोर उभी असते. मला तिच्याकडं बघवत नाही.'

एवढंच. पण रागावलेल्या माणसाला समोरच्याचं शेवटचं वाक्य ऐकू येत नाही. बापूराव तणतणत बाहेर पडले. खिडकीतून बायजाक्का म्हणाली, 'मालक, माझंबी पोट हाय. या बाईनं माझी खिडकी बंद पाडली तर मी काय करू?' बापूराव म्हणाले, 'अक्का, चंपाषष्ठी येऊ दे. बघतोच!'

आता चंपाषष्ठी! मंडळी, खंडोबाचा मोठा सण. वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा, हा देवाचा नैवेद्य. आणि करंजदऱ्याची एक रीत होती. जुनी. देवळाच्या आवारात जे काही खायचं, ते आधी देवाच्या ताटात. देवाला दाखवायचं, आणि त्याच ताटातला पहिला घास गावातल्या लेकरांना. मग लेकरांची पंगत, आणि लेकरं उठल्यावर थोरांची. देव आणि लेकरू — एकच ताट! रीत किती गोड आहे बघा. दर वर्षी एका घराला पंगतीचा मान. त्या वर्षी मान कुणाचा? बापूरावांचा!

सकाळ झाली. देवळात हळदीचा सडा. पायरीवर चुली पेटल्या, वांगी भाजली जातायत, बायका रोडगे थापतायत. आणि एवढ्यात — पों पों! टेम्पो! टेम्पोत काय? खोकी! बापूराव पुढच्या सीटवरून उतरले, मिशीला पीळ दिला आणि ढगेबाईंकडं बघून मोठ्यानं म्हणाले, 'शाळेत बंद ना? देवळात कोण बंद करतंय बघू! आज लेकरांच्या पंगतीला पाकिटं. प्रत्येकाला चार-चार! पोरांना रोडगा आवडत नाही, उगाच कशाला बळजबरी?'

पोरांनी असा येळकोट केला म्हणता! तळी उचलताना मोठ्या माणसांचा आवाज चढला नव्हता, एवढा खोकी उतरताना पोरांचा चढला! ढगेबाई खांबाला टेकून उभ्या. काय बोलणार? इथं त्यांचा फळा नव्हता.

आता मार्तंडबुवा गाभाऱ्यातून बाहेर आले. म्हातारा कडक! देवाच्या बाबतीत बायकोचंही ऐकणार नाही. म्हणाले, 'ताट आणा.' बापूरावांनी ताट पुढं केलं. चांदीचं ताट, वर केळीचं पान, पानावर भरीत, रोडगा, आणि मधोमध... लाल पाकीट! हो! बापूराव रीत पाळणारा माणूस हो. लेकरांना जे द्यायचं ते देवाच्या ताटात पाहिजे, म्हणून स्वतःच्या हातानं ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं!

बुवांनी पाकीट दोन बोटांत उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. वाजवलं. म्हणाले, 'ह्यात काय हाय?'

'खाऊ हाय, बुवा.'

'शिजवलेला का कच्चा?'

'तळलेला.'

'कधी तळलाय?'

आता आली पंचाईत! बापूराव म्हणाले, 'कधी म्हणजे... कंपनीत तळलाय.' बुवा म्हणाले, 'कंपनीत तळला का कोल्हापुरात तळला, ते विचारत नाही मी. कधी तळलाय? लिहिलेलं असतं. मला दिसत नाही. राजे, ये इकडं, तुझी नजर चांगली. वाच.'

राजी पुढं आली. बारीक हात, डोळ्यांखाली काळं. पाकीट डोळ्यांजवळ धरलं आणि तारीख वाचली. ऑगस्टातली.

बुवांनी बोटं मोजली. 'ऑगस्ट म्हणजे श्रावण! अहो, श्रावणात तळलेलं! मधी गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी होऊन पणत्या माळ्यावर गेल्या, आणि हे आज देवाला? शिळं! चार महिन्यांचं शिळं!'

एक शहाणा होताच तिथं. असतोच. इथंही असेल. तो म्हणाला, 'बुवा, त्यात हवा भरलेली असते. शिळं होत नाही.' बुवा फिरले त्याच्याकडं. 'असं? मग तुझ्या बायकूला सांग, श्रावणातली पुरणपोळी डब्यात घाल, वरून हवा भर आणि आज तुला वाढ. खाशील?' तो शहाणा जो मागं सरकला, तो थेट चपलांपाशी!

सगळे हसले. बुवांनी पाकीट ताटातून उचलून बाजूला ठेवलं, उपरण्याला हात पुसले. आणि सवयीनं — रोजच्या सवयीनं हो, मनात काही नाही — म्हणाले, 'हे देवाला नको. लेकरांत वाटून टाका.'

थांबा मंडळी. इथं जरा थांबा.

काय म्हणाले बुवा? देवाला नको, लेकरांत वाटून टाका. टाका! आपण रोज म्हणतो की नाही? कालची भाजी उरली, टाकून दे. जुना कपडा, देऊन टाक. तसंच आलं तोंडातून. कुणालाच काही खटकलं नाही. राजीला तर आनंदच झाला! देवानं सोडलं, आता आपलंच! तिनं पटकन हात पुढं केला पाकिटाला.

आणि बापूरावांनी तो हात धरला.

'आजोबा, सोडा ना!'

बापूराव बुवांकडं बघत होते. म्हणाले, 'बुवा, काय म्हणालात?'

'देवाला नको म्हणालो.'

'त्याच्या पुढचं.'

बुवांनी तोंड उघडलं. म्हणजे, उघडलंच फक्त! तेच वाक्य, मघाशी सहज आलेलं. आता येईना. खाली बघून म्हणाले, 'लेकरांत वाटा म्हणालो.'

बापूरावांनी राजीचा हात हातात तसाच धरलेला. आणि मंडळी, ज्या माणसाच्या आवाजाला बैल दचकायचा, तो माणूस गावासमोर घोगऱ्या आवाजात म्हणाला, 'नऊ वर्षं मागितली मी ही ह्या देवाकडं. त्यानं दिली. आणि तो ज्याला शिवत नाही, ते मी हिला रोज चारतोय. माझ्या हातानं चारतोय!' ढसाढसा रडले बापूराव. मिशा, रुबाब, सगळं ओलं.

चुलीवरचं वांगं तेवढं चुरचुरत होतं. आता ढगेबाईंना वेळ होती बरं का, 'बघा, मी सांगत नव्हते?' म्हणायची! आपण असतो तर म्हटलंच असतं. आपण सोडली असती ही संधी? बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, 'बापूराव, पानं मांडते. तुम्ही राजीशेजारी बसा.'

बसले! पिळदार मिशांचा माणूस पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसला. देवाच्या ताटातला रोडगा मोडला, भरीत लावलं, घास केला, राजीच्या तोंडात घातला.

आता तुम्हाला वाटेल, राजी म्हणाली, 'वा आजोबा, किती छान!' अहो, कसलं काय! थू! घास बाहेर! 'तिखट आहे! कडक आहे! मला पाकीट पाहिजे!' भोकाड पसरलं. तिचं बघून शेजारच्यानं, त्याचं बघून पलीकडच्यानं. सगळी पंगत रडायला लागली! लेकरू आहे ते. त्याला काय कळतं श्रावणात तळलं की भाद्रपदात? जिभेला लागलेली सवय एका घासानं जाते होय? तुमची तंबाखू गेली का एका कीर्तनानं? ...बघा, कोण खाली बघतंय ते!

पण बापूराव उठले नाहीत. रोडग्यात तूप घातलं, वर गूळ किसला. 'एक घास.' नको. 'चिमणीचा.' नको. 'बरं, खंडोबाच्या घोड्याचा.' ...घोड्याचा घेतला! एक घेतला, दुसरा घेतला. पाव रोडगा गेला पोटात. पाव! पण बापूरावांनी त्या पाव रोडग्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू नातीनं शेत कमावलं. टेम्पो खोक्यांसकट आल्या वाटेनं परत गेला.

आणि बायजाक्का? तिचं ऐका. संध्याकाळी बुवा घरी आले, तर ती चुलीपुढं तोंड फुगवून. म्हणाली, 'देवाच्या खिडकीला कालचं फूल इकलं नाही मी कधी. पाप लागंल म्हनून. आन् दुसऱ्या खिडकीला चार-चार महिन्यांचं! तुमी मला कधी बोलला न्हाईत?' बुवा म्हणाले, 'मलाच आज कळलं.' ती म्हणाली, 'मग आता पहाटं उठायचं. शेंगा तुमी उकडायच्या!'

झाली शिक्षा! खंडोबाचा पुजारी पहाटे उठून आधी शेंगांची पातेली चढवायचा आणि मग आंघोळीला जायचा. शाळेच्या खिडकीतल्या माळा उतरल्या. तिथं उकडलेल्या शेंगा आल्या, फुटाणे-गूळ, मीठ लावलेला पेरू, राजगिऱ्याचा लाडू. पोरं आली, बघितलं आणि तोंडं फिरवून गेली! एक दिवस, दोन दिवस. शेंगा सगळ्या शेळीनं खाल्ल्या! बायजाक्का ओरडायची, 'घ्या की मेल्यांनो, फुकट घ्या, पर घ्या!' आठव्या दिवशी ढगेबाईंनी मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना खिडकीपाशी उभं केलं. शिक्षक शेंगा सोलून खातायत आणि टरफलं एकमेकांच्या अंगावर टाकतायत! पोरांनी बघितलं. गुरुजी टरफल मारतायत? मग आम्ही का नाही! त्या दिवशी पातेलं रिकामं झालं.

बापूराव रोज दुपारी शाळेत. खिचडीच्या पंगतीला, राजीच्या शेजारी. कधी तिनं दोन घास खाल्ले, कधी ताट ढकललं, कधी दोघं भांडले. एकदा तर तिनं चोरून कुठूनतरी पाकीट मिळवलं आणि आजोबांनी पकडलं. रागावले नाहीत. पाठीवरची तारीख वाचायला लावली आणि म्हणाले, 'आता तूच बघ.' तिनं जरा विचार केला... आणि खाल्लं! हो! खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा अर्धं खाल्लं. तिसऱ्यांदा शेळीला दिलं. शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं! तेव्हा मात्र राजी पोट धरून हसली. आजोबांना ओढत घेऊन आली — 'आजोबा, शेळीलापण नको!'

होळीच्या सुमाराला परत रक्त तपासलं. अकराच्या वर! डॉक्टरांनी कागद दिला, बापूरावांना इंग्रजी वाचता येईना, पण तो कागद त्यांनी गावभर दाखवला. पहिल्यांदा कुणाला? ढगेबाईंना.

झाली गोष्ट. आता माझा प्रश्न. मागेल ते हातावर ठेवणारा कोण? ...नका बोलू. मीच बोलतो. तो मी आहे. खरं सांगतो, देवापुढं उभा आहे. माझा नातू तीन वर्षांचा. मी भजनाला बसलो की तो रडतो. मग मी काय करतो? एक पाकीट फोडतो, त्याच्या हातात देतो आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतो! केवढी भक्ती! रोज त्याला गप्प बसवलं आणि ह्यालाच माया म्हटलं.

आणि तुम्ही? मंडळी, आज सप्त्याचा शेवटचा दिवस. काला. मघाशी कीर्तनाला उभं राहण्याआधी चहा घ्यायला मी या मंडपामागं गेलो होतो. तिथं खोकी रचलेली आहेत. वर लिहिलंय — बालगोपाळांसाठी प्रसाद. कुणी आणलीत त्याचं नाव घेत नाही. तो माणूस मोठ्या मनाचा आहे, हौसेनं आणलीत, मला त्याचा मान आहे. पण त्यातलं एक पाकीट मी उपरण्यात घालून आणलंय. हे बघा. ठेवतो इथं, देवासमोर.

पुजारीकाका, या. तारीख वाचा आणि दाखवा नैवेद्य.

...या ना. का हो? मान का हलवता? बरं, नका दाखवू. मग मंडळी, पुढचं वाक्य तुम्ही बोला. देवाला नको म्हणाले काका. पुढं? बोला! कुणीतरी बोला की! सात दिवस एवढं मोठ्यानं भजन म्हटलंत, एवढं छोटं वाक्य म्हणवत नाही?

...हां. त्या मागच्या दोघी उठल्या. कुठं निघालात, माउली? भाकरी थापायला? आणखी चौघी! तुमच्याकडं पीठ किती आहे? तो बघा, खोकी आणणारा दाताच उठला. बाह्या सरसावतोय! अरे, त्याला वाट द्या, लाकडं आणायला निघालाय तो! विणेकरी माउली, तुम्हालाही सोडलं, जा, पिठल्याची कढई धरा. मृदंगवाले, घ्या मृदंग. चूल पेटून लेकरांची पानं वाढून होईस्तोवर मी काही खाली बसत नाही आणि हंडीही फुटत नाही.

लेकरांनो, भूक लागली? लागू द्या! चांगली कडकडून लागू द्या. ताट येतंय — आज तुमच्याआधी फक्त देव जेवणार आहे.